घेवड्यासाठी रायझोबियम घरी वाढवायचंय? ड्रम नको, बाटली पुरे

प्रश्न थोडक्यात असा आलाय: कोरेगाव भागातला शेतकऱ्यांचा एक गट आहे, खरिपात वाघ्या घेवडा करतात, मुळांवर गाठी (ज्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहून हवेतला नत्र झाडाला देतात) फारशा दिसत नाहीत. म्हणून रायझोबियमचं एक पाकीट आणून २०० लिटरच्या ड्रममध्ये गूळ, बेसन, पाणी घालून आठवडाभर ढवळत ठेवायचं आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचं असा विचार चाललाय, तर हे जमेल का आणि प्रमाण काय घ्यायचं.

मी जिवाणूखताच्या लॅबमध्येच आयुष्य काढलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सरळ सांगायचं तर ड्रममध्ये जमणार नाही, पण घरी वाढवणं जमू शकतं, आणि त्याला ड्रमच लागत नाही हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आधी ड्रमचं काय होतं ते बघू. गुळाच्या पाण्यात हवेतून, बेसनातून, ड्रमच्या कडेवरून जे बाकीचे जिवाणू आणि यीस्ट येतात त्यातले कित्येक अर्ध्या तासात दुप्पट होतात. घेवड्याचा रायझोबियम चांगल्या परिस्थितीतही दुप्पट व्हायला २ ते ४ तास घेतो आणि सोयाबीनचा तर ६ ते ८ तास. म्हणजे २४ तासांत सोयाबीनवाला फार तर ८ पट-१६ पट होणार आणि तोपर्यंत दुसऱ्यांनी सगळं खाणं संपवून पाणी आंबट करून ठेवलेलं असतं, आणि आंबट पाण्यात रायझोबियम तग धरत नाही. त्यात अजून एक गोष्ट, सोयाबीनच्या जिवाणूला, म्हणजे ब्रेडीरायझोबियमला, आपली साधी साखर बहुतेक वापरताच येत नाही, त्याला मॅनिटॉल किंवा ग्लिसरॉलसारखं काहीतरी लागतं, त्यामुळे गुळावर तो वाढेल ही अपेक्षाच चुकीची. आठवड्यानंतर ड्रममधून जो आंबूस वास येतो आणि फेस दिसतो त्याला लोक "कल्चर जोरात आलंय" म्हणतात, पण तो वास दुसऱ्यांचा असतो. रायझोबियमच्या चांगल्या ब्रॉथला, म्हणजे ज्या पातळ खाद्यात जिवाणू वाढवलेत त्या द्रवाला, असा आंबट किंवा कुजका वास येतच नाही. दूध तापवून, गार करून मगच आपण विरजण लावतो, न तापवलेल्या दुधात लावलं तर काय होईल सांगता येत नाही, तसंच हे.

आता हिशोब बघा, कारण माझं सगळं म्हणणं या हिशोबावर उभं आहे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरच्या पाकिटात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत रायझोबियम पाहिजेत, म्हणजे २५० ग्रॅममध्ये १२५० कोटी. घेवड्याचं एक बी साधारण ०.३ ग्रॅमचं धरलं तर १० किलोत ३३ हजारांच्या आसपास बिया होतात, म्हणजे बियामागे पावणेचार लाख जिवाणू. बियामागे लाखभर तरी लागावेत असं धरून आम्ही काम करतो, त्यामुळे पाकीट ताजं असेल तर १० किलोला २५० ग्रॅम बरोबर बसतं. आता ब्रॉथ बघा. चांगलं वाढलेलं ब्रॉथ मिलीला १०० कोटींपर्यंत जातं. घरी शेकर (बाटल्या सतत हलवणारं यंत्र) नाही, हवा कमी मिळते, म्हणून मी त्याचा दहावा भागच धरतो, मिलीला १० कोटी. १०० मिली ब्रॉथ १० किलो बियाण्याला लावलं तरी बियामागे ३ लाख पडतात. म्हणजे एक लिटर ब्रॉथमध्ये एक क्विंटल बी होतं! तुमच्या गटाचं सगळं बियाणं पाच-सात बाटल्यांत उरकेल, आणि बाटली कुकरमध्ये बसते, ड्रम बसत नाही. निर्जंतुक करता येईल एवढंच वाढवायचं.

जिवाणू कुठून आणायचा? पाकिटातून वाढवू नका, पाकिटात कॅरिअरबरोबर, म्हणजे जिवाणू ज्या भुकटीत मिसळलेले असतात तिच्याबरोबर, थोडेफार दुसरेही असतात आणि ब्रॉथमध्ये तेच पुढे जातात. कृषी विद्यापीठाच्या जिवाणूखत प्रकल्पाकडे किंवा मायक्रोबायोलॉजीच्या विभागाकडे शुद्ध कल्चर (फक्त त्याच एका जिवाणूची वाढ) मिळतं का विचारा, आणि मागताना नुसतं "रायझोबियम द्या" म्हणू नका, पिकाचं नाव सांगा. हे फार महत्त्वाचं आहे. हरभऱ्याचा मेसोरायझोबियम घेवड्याला चालत नाही, सोयाबीनचा ब्रेडीरायझोबियम हरभऱ्याला चालत नाही, मेथीचा आणि लसूणघासाचा अजून वेगळा. मूग, उडीद, चवळी, तूर, भुईमूग यांचं बऱ्यापैकी एकमेकांत चालतं. घेवडा-राजम्याला रायझोबियम फॅसिओली किंवा त्याच्या जवळचे पाहिजेत. दुकानात "कडधान्यासाठी" असं मोघम लिहिलेलं पाकीट मिळतं ते घेवड्याला लावून गाठी आल्या नाहीत म्हणून जिवाणूखताला नावं ठेवणारे खूप जण भेटतात, तिथे पाकिटातला जिवाणू दुसऱ्याच पिकाचा असण्याची शक्यता जास्त.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःच्या रानातल्या गाठीतून काढायचा. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण तो जिवाणू तुमच्या मातीला आणि तुमच्या वाणाला सरावलेला असतो. ज्याच्या रानात घेवडा युरिया न टाकता गर्द हिरवा आहे असं झाड फुलोऱ्याच्या सुमाराला, साधारण ३५-४० दिवसांनी, खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट काढा, उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात. ढेकूळ बादलीत पाण्यात भिजत ठेवा, माती आपोआप सुटते. मग गाठी बघा. घेवड्याची गाठ गोल असते, मुळाच्या बाजूला चिकटलेली, अंगठ्यानं ढकलली की सुटून येते. मूळच जागोजागी फुगलेलं असेल आणि गाठ वेगळी निघत नसेल तर ती सूत्रकृमीची गाठ, तिचा इथे उपयोग नाही आणि त्या रानाचा वेगळा विचार करावा लागेल. सुटलेली गाठ नखानं किंवा ब्लेडनं मधोमध कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करतेय, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचं द्रव्य, गाठीतला ऑक्सिजन जिवाणूंना बेतानं पुरवतं, कारण हवेतला नत्र पकडणारं एन्झाइम मोकळ्या ऑक्सिजनमध्ये मरून जातं. आतून पांढरी गाठ म्हणजे एकतर अजून कोवळी किंवा नुसती बसून खाणारी, हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी झालेली. मुख्य मुळाच्या वरच्या भागातल्या टपोऱ्या गुलाबी गाठीच घ्यायच्या.

त्यातल्या चार-पाच न फुटलेल्या गाठी मुळाचा बारीक तुकडा ठेवून कापून घ्या, स्पिरिटमध्ये अर्धा मिनिट, मग साध्या ब्लीचच्या द्रावणात (सोडियम हायपोक्लोराईट ३ टक्क्यांच्या आसपास) ३-४ मिनिटं, आणि मग उकळून गार केलेल्या निर्जंतुक पाण्यात पाच-सहा वेळा धुवा. जुन्या पुस्तकांत मर्क्युरिक क्लोराईड लिहिलेलं असतं, ते घरात आणूच नका, जहाल विष आहे, ब्लीचनं काम होतं. धुतलेली गाठ निर्जंतुक पाण्याच्या एका थेंबात ठेचली की दुधाळ पाणी निघतं, ते लूपनं (दिव्यावर तापवून गार केलेल्या तारेच्या कड्यानं) प्लेटवर, म्हणजे झाकणाच्या चपट्या काचेच्या बशीत, रेघा मारत पसरवायचं. प्लेटमध्ये काँगो रेड हा लाल रंग घातलेलं अगर (जेलीसारखं घट्ट केलेलं जिवाणूंचं खाद्य) असतं, त्यावर रायझोबियमची वसाहत पांढरट, पाणीदार, चिकट, थोडी उंच दिसते आणि लाल रंग फारसा ओढत नाही, दुसरे बरेचसे जिवाणू लालभडक होतात. घेवड्याचा २-४ दिवसांत दिसायला लागतो. पहिल्या दिवशीच मोठाल्या वसाहती आल्या तर तो दुसरा कोणीतरी. सोयाबीनचा करत असाल तर आठवडाभर थांबावं लागतं, तिथे उतावळेपणा केला की हमखास चुकीची वसाहत उचलली जाते.

पण प्लेटवर रायझोबियमसारखी दिसली म्हणजे ती रायझोबियमच असं नाही. खरी परीक्षा झाडावर. धुतलेली वाळू कुकरमध्ये निर्जंतुक करा, कपात भरा, ब्लीचमध्ये बुडवून धुतलेलं बी लावा, नत्र सोडून बाकी सगळी द्रव्यं असलेलं पाणी द्या, काही कपांना तुमचा जिवाणू आणि काहींना काहीच नाही. तीन-चार आठवड्यांनी जिवाणूवाली झाडं हिरवी आणि बिनजिवाणूची पिवळी पडली आणि गाठी आतून गुलाबी निघाल्या तरच तो जिवाणू ठेवायचा. हे काम उन्हाळ्याच्या आधीच उरकून घ्या, पेरणीच्या तोंडावर होणारं नाही. प्लेट आणि मायक्रोस्कोपचं काम जवळच्या कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाकडून करून घेतलं तर सगळ्यात उत्तम, तिथल्या पोरांना प्रोजेक्टला विषय हवाच असतो आणि तुमचं काम चोख होतं.

आता ब्रॉथ. लिटरभर पाण्यात मॅनिटॉल १० ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट अर्धा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, मीठ ०.१ ग्रॅम आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट अर्धा ते एक ग्रॅम, पीएच ७ च्या जवळ. मॅनिटॉल महाग वाटलं तर घेवड्याच्या जिवाणूला साधी साखर १० ग्रॅम चालते (सोयाबीनला नाही, वर सांगितलंय). यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मिळालं नाही तर बेकरीचं कोरडं यीस्ट ३-४ ग्रॅम १०० मिली पाण्यात चांगलं उकळून, निवू देऊन वरचं नितळ पाणी घ्यायचं. प्लेट ओतायच्या असतील तर यातच लिटरला १५ ग्रॅम अगर आणि एक टक्क्याचं काँगो रेड अडीच मिली.

बाटल्या काचेच्या घ्या, सलाईनच्या किंवा सॉसच्या रुंद तोंडाच्या, आणि फक्त एक तृतीयांश भरा. पूर्ण भरली तर जिवाणूला हवा मिळत नाही आणि रायझोबियमला हवा पाहिजेच पाहिजे. तोंडाला कापसाचा घट्ट बोळा आणि वर कागद बांधून कुकरमध्ये ठेवा, खाली जाळी आणि पाणी. शिट्टी लगेच बसवू नका, आधी वाफेची जोराची धार चार-पाच मिनिटं जाऊ द्या म्हणजे आतली हवा निघून जाते, हवा राहिली तर दाब दिसतो पण तापमान १२१ अंशांपर्यंत चढत नाही. मग शिट्टी बसवून मंद आचेवर अर्धा तास. कुकर आपोआप गार होईपर्यंत उघडायचा नाही, घाई केली की ब्रॉथ उकळून बोळ्यात चढतं आणि ओला बोळा म्हणजे कंटॅमिनेशनला उघडं दार. या बाटल्या दोन दिवस तशाच ठेवून बघा, एकही गढूळ झाली नाही तर तुमचं निर्जंतुकीकरण बरोबर झालंय. हे दोन दिवस वाचवू नका.

जिवाणू सोडताना पंखा बंद, दारं-खिडक्या बंद, टेबल स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या आणि मगच स्पिरिटचा दिवा लावा, स्पिरिटची उघडी बाटली दिव्याजवळ ठेवू नका. आधी छोट्या बाटलीत २० मिली वाढवून घ्या आणि दोन-तीन दिवसांनी ते २०० मिली ब्रॉथ असलेल्या बाटलीत दिव्याच्या आचेजवळ पटकन ओता. दहा टक्के विरजण टाकल्यामुळे आपला जिवाणू सुरुवातीपासूनच संख्येनं भारी राहतो. दिवसातून जमेल तितक्या वेळा बाटली गोल फिरवून हलवा, बोळा ओला होऊ देऊ नका. माशांच्या टाकीला असतो तो हवेचा छोटा पंपही चालतो, पण हवेच्या नळीत कापूस ठासून ती नळी बाटलीबरोबरच कुकरमधून काढलेली पाहिजे. तापमान २८ अंश, दोन खाली-वर चालेल. मेच्या शेवटी पत्र्याच्या खोलीत ४० अंशात ठेवलं तर वाढ होत नाही, आणि घेवड्याच्या जिवाणूचं अजून एक आहे, गाठी बनवायचे त्याचे जीन्स प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळ्या असलेल्या डीएनएच्या तुकड्यावर, असतात आणि जास्त उष्णतेत किंवा सारखं सारखं प्लेटवरून प्लेटवर वाढवत राहिलं की ते प्लाझ्मिड गळून जाऊ शकतं. मग प्लेटवर तो छान वाढतो, दिसायला तोच, पण झाडाला गाठ देत नाही! म्हणून दर हंगामात एकदा त्याला झाडातून फिरवून, ताज्या गुलाबी गाठीतून परत काढून घ्या आणि मूळ कल्चर फ्रिजमध्ये ठेवा.

तीन-चार दिवसांत ब्रॉथ दुधाळ आणि किंचित चिकट होतं. वर साय धरली, बुरशीचा गोळा तरंगला, आंबट किंवा घाण वास आला, की ती बाटली गेली, पुन्हा कुकरमध्ये निर्जंतुक करून मग फेकून द्या, "थोडंसंच खराब आहे" म्हणून वापरू नका. शंका असेल तर ग्लुकोज-पेप्टोन अगरवर एक थेंब टाका, रायझोबियम त्यावर जेमतेम वाढतो, एका दिवसात भरभरून वाढ आली तर भेसळ आहे.

लिग्नाइटमध्ये (एक प्रकारच्या तपकिरी कोळशात) मिसळून पाकिटं भरायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी लिग्नाइट बारीक दळून, चुन्याच्या भुकटीनं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटनं त्याची आम्लता मारून, निर्जंतुक करून, ओलावा ३०-४० टक्के राखावा लागतो, ते लॅबचं काम. तुम्हाला साठवायचं नाहीच, ताजं ब्रॉथ तयार झालं की दोन-चार दिवसांत पेरणी. त्यामुळे पावसाचा अंदाज बघून दहा-बारा दिवस आधी सुरुवात करा, पाऊस लांबला तर बाटल्या फ्रिजमध्ये. आणि हे गटातल्या गटात वापरायला ठीक आहे, पाकिटं-बाटल्या भरून विकायच्या असतील तर खत नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो आणि तपासणी होते, ते योग्यच आहे.

बियाण्याला लावताना १०० मिली ब्रॉथमध्ये दोन चमचे गुळाचं उकळून गार केलेलं घट्टसर पाणी मिसळा, इथे गूळ जिवाणूला खायला घातलेला नाही, बियाला चिकटावं आणि लगेच वाळून जाऊ नये म्हणून आहे. १० किलो बी ताडपत्रीवर पसरून त्यावर शिंपडा आणि हलक्या हातानं खालीवर करा. सोयाबीन असेल तर चोळूच नका, साल पातळ असते, ओल्या हातानं चोळली की सुटते आणि उगवण जाते. सावलीत वाळवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, मग कीटकनाशक, ते पूर्ण वाळल्यावर सगळ्यात शेवटी जिवाणू, आणि तांबं किंवा पारा असलेलं बुरशीनाशक अजिबात नको. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) बरोबर चालतात. धूळपेरणी करणाऱ्यांनी जिवाणूवर वेळ घालवू नये, कोरड्या तापलेल्या मातीत आठवडाभर पडलेल्या बियावर फार थोडे जिवंत राहतात, वाफसा आल्यावरच पेरा. खताच्या पेटीत युरिया-डीएपीबरोबर बी मिसळून पेरायची सवय असेल तर ती या वर्षी सोडा.

आता गाठी का येत नाहीत त्याबद्दल, कारण जिवाणू लावूनही काही रानांत फरक दिसणार नाही. घेवडा हे पीक मुळातच या बाबतीत कच्चं आहे. सोयाबीन चांगलं जमलं तर लागणाऱ्या नत्रातला निम्मा ते साठ टक्के हवेतून घेतं, घेवड्याचं तेवढं होत नाही. कालावधी कमी, गाठी उशिरा लागतात, फुलोऱ्यानंतर लवकर थकतात, आणि मातीतले कितीतरी प्रकारचे जिवाणू त्याला गाठी करतात, त्यातले बरेचसे नुसत्या पांढऱ्या गाठी करून बसतात आणि आपल्या चांगल्या जिवाणूला जागाच मिळू देत नाहीत. उत्तर भारतात रब्बी राजम्याला हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्र द्यायची शिफारस आहे ती यामुळेच. पण हे बदलता येतं. ब्राझीलमध्ये घेवड्यासाठी सीआयएटी ८९९ नावाचा जिवाणू वापरतात, तो कोलंबियात सापडलेला, आम्ल माती आणि उष्णता सहन करणारा म्हणून निवडलेला, म्हणजे योग्य जिवाणू निवडून भरपूर संख्येनं बियाजवळ दिला तर घेवडाही ऐकतो.

म्हणून पेरताना सुरुवातीचा नत्र थोडाच द्या, हेक्टरी २०-२५ किलोपर्यंत, त्याहून जास्त युरिया पडला की झाड गाठी करायच्या फंदात पडत नाही. स्फुरद मात्र कमी करू नका, हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला एटीपीचे (पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचे) किमान १६ रेणू खर्च करावे लागतात आणि एटीपी बनायला स्फुरद लागतोच. कोकणातल्या किंवा घाटावरच्या लाल आम्ल मातीत मॉलिब्डेनम हे नत्र पकडणाऱ्या एन्झाइमला लागणारं सूक्ष्म द्रव्यही कमी पडतं, तिथे माती तपासून आधी चुना आणि मग जिवाणू. पाणी साचणाऱ्या रानात गाठी गुदमरतात, वरंब्यावर घ्या.

आणि पहिल्या वर्षी सगळं रान जिवाणू लावून पेरू नका, नाहीतर काय झालं ते कळणारच नाही. एकाच रानात तीन पट्टे ठेवा, एक बिनजिवाणूचा, एक जिवाणूचा, एक बिनजिवाणूचा पण पुरेसा युरिया दिलेला. बिनजिवाणूचे पट्टे आधी पेरून घ्या म्हणजे हाताला आणि तिफणीला लागलेला जिवाणू तिकडे जात नाही. ४० दिवसांनी प्रत्येक पट्ट्यातली दहा झाडं ढेकळासकट काढून गाठी मोजा, कापून रंग बघा, आणि काढणीला तिन्हींचं वजन वेगळं घ्या. युरियाच्या पट्ट्यातही उत्पन्न वाढलं नसेल तर तुमच्या रानाची अडचण नत्राची नाहीच, स्फुरद, पाणी किंवा रोग बघायला लागेल. युरियानं वाढलं पण जिवाणूनं नाही, तर जिवाणू बदलायचा किंवा लावायची पद्धत तपासायची. दोन्हीत सारखं वाढलं तर पुढच्या वर्षी सगळ्या गटाचं बियाणं त्याच कल्चरवर घ्या, आणि त्याच पट्ट्यातल्या गुलाबी गाठी काढून नवीन कल्चर करायला लगेच कॉलेजला नेऊन द्या, ओल्या कागदात गुंडाळून, त्याच दिवशी.